दलदलीच्या राजाचा बनियन

बायकोच्या कामाला नवऱ्याने हातभार कसा लावावा हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने सरळ माझ्याकडे यावं, असं मी अगदी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. आता छातीचा विषय निघाला की मी मान खाली घालतो. का, ते ऐका.

माझी बायको चित्रकार आहे. भिंतीवर टांगायची चित्रं नव्हेत, पुस्तकातली. आजवर तिने शाळेच्या पुस्तकांसाठी बेडकाची पचनसंस्था काढली, ज्वालामुखीचा उभा छेद काढला, दातांची निगा काढली. त्यामुळे एका प्रकाशकाने तिला राक्षसांचं अख्खं पुस्तक दिलं, तेव्हा ती घरभर नाचली. बेडकाच्या पोटातून सुटका झाली म्हणून!

राक्षसांचं पुस्तक म्हणजे एका खेळाचं पुस्तक. हा खेळ टेबलाभोवती बसून खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, जादूगार, चोर वगैरे होतात, आणि कोण मेलं, कोण वाचलं ते फासे टाकून ठरतं. ही खेळणारी माणसं चांगली मोठी, नोकरीधंद्याची असतात. वाटेत भेटणारे राक्षस दिसतात कसे, त्यांचं बळ किती, बुद्धी किती, हे सगळं जाडजूड पुस्तकात दिलेलं असतं. आमचं पुस्तक त्यातलंच, पण त्यावर ‘फक्त प्रौढांसाठी’ असा लाल शिक्का असणार होता.

“प्रौढांसाठी म्हणजे?” मी बायकोला विचारलं.

“म्हणजे राक्षस कपडे घालत नाहीत,” ती म्हणाली. “राक्षसच ते. शिवणार कोण?”

मला हे पटलं. प्रकाशकाला मात्र अर्धवटच पटलं होतं. तो रोज जेवायच्या वेळेला फोन करायचा, आणि बायकोचे हात रंगाने किंवा आमटीने भरलेले असल्यामुळे फोन स्पीकरवर असायचा. माझ्या सासूबाई त्या दिवसांत आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्याही टेबलावर असायच्या.

“मॅडम, ते लढाईचं चित्र पाहिलं. छान आहे. पण डोकी फार कमी उडालीयत. अजून उडवा की!”

“उडवते.”

“आणि आतडी कोरडी वाटतात हो. जरा ओलसर दाखवा.”

“दाखवते. आणि जलराणी कशी वाटली?”

यावर फोनचा सूरच बदलला. मग प्रकाशकाचा आवाज आला, तो दवाखान्यात बोलतात तसा.

“मॅडम... जलराणीचा खांदा दिसतोय.”

“ती पाण्यात राहते!”

“राहू दे ना, माझं काही म्हणणं नाही. पण पुस्तक दुकानात ठेवायचंय. कुणाच्या घरी जायचंय. धुकं घाला.”

“अहो, पण तुम्हीच त्यावर ‘फक्त प्रौढांसाठी’ असं छापताय ना?”

“छापतोय तर! त्याशिवाय प्रौढ घेतील कशाला?”

सासूबाईंनी तोवर उडालेल्या डोक्यांचा कागद उचलून नाकाजवळ धरला होता. “याच्या केसांचं काम किती नाजूक झालंय गं!” असं म्हणून त्यांनी तो पुन्हा भाताच्या भांड्याला टेकवून ठेवला. त्यांच्या मते रक्ताचा रंग जरा फिका होता. खांद्याच्या बाबतीत मात्र त्या प्रकाशकाच्या बाजूने होत्या. “सर्दी होईल तिला,” म्हणाल्या.

हळूहळू नियम ठरले. पाठ चालेल. बाजूने काढायचं असेल तर आधी विचारायचं. समोरून असेल तर धुकं. मग रोज धुक्यावर घासाघीस. “मॅडम, गुहेत थोडं वाढवा,” “मॅडम, पंखवालीला कमरेपर्यंतच आलंय, गळ्यापर्यंत येऊ द्या.” पुस्तकातल्या त्या जगात ऊन कधी पडतच नसावं. एवढ्या ढगाळ हवेत त्या राक्षसिणी कपडे वाळवत तरी कुठे असतील? म्हणूनच घालत नसतील बिचाऱ्या!

अशात दलदलीच्या राजाची पाळी आली. हा सगळ्यात बलाढ्य. पूर्ण पान त्याचं. बायकोकडे माणसाच्या आकाराचा एक लाकडी बाहुला आहे, हातपाय वळवता येतात असा. त्याला ती दोन दिवस वळवत बसली आणि शेवटी फेकून दिला.

“याला पोट नाही,” ती म्हणाली. “राजा हजार वर्षं दलदलीत बसून खातोय. त्याला वजन हवं. मांस हवं. लोंबायला हवं थोडं.”

आणि तिने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, लग्न ठरलं तेव्हासुद्धा तिने मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं! माझी मान आपोआप ताठ झाली.

“त्यात काय एवढं?” मी म्हणालो. “मी आहे ना!”

रविवारी सकाळी मी हॉलमध्ये स्टुलावर एक पाय ठेवून उभा राहिलो. भाला म्हणून हातात फरशी पुसायचा मॉप. अंगावर बर्म्युडा. बायकोने डोळे बारीक केले.

“बर्म्युडाच्या रेघेने मांडी तुटतेय.”

“मग?”

“मग काय मग? तूच म्हणालास, त्यात काय एवढं.”

शब्द दिला होता. बर्म्युडा गेली. एखादं साम्राज्य सांडलंय आणि ते पुसायला सम्राट स्वतः निघालाय, असा मी दिसत होतो. सासूबाई नशिबाने बाजारात गेल्या होत्या. जाताना पर्स मात्र विसरल्या होत्या! कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला, दार उघडलं आणि त्या माझ्यासमोर. मी मॉप झटकन खाली घेतला. मॉपचा झुपका ओला होता, त्यामुळे माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो राजाला शोभणारा नव्हता.

सासूबाईंनी पर्स उचलली. दारापर्यंत गेल्या. थांबल्या.

“जावईबापू,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “राजा आहात ना? मग हनुवटी वर. असे चोरासारखे काय उभे राहता?”

त्या दिवसापासून सासूबाई रविवारी बाजारात जाईनाशा झाल्या. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, माझ्याकडे पाठ करून मटार सोलायच्या आणि सूचना द्यायच्या. “श्वास रोखलाय वाटतं यांनी? सांग त्यांना, पोट सोडा म्हणावं. चोरलेलं पोट चित्रात कळतं.” दिसत नसताना हे त्यांना कसं कळायचं, देव जाणे!

बायकोने मला एक वचन दिलं होतं, की चेहरा माझा ठेवणार नाही. ते तिने पाळलं. राजाला शिंगं आली, दाढी आली, नाकाचं गाजर झालं. मी निर्धास्त झालो. मला निर्धास्त असणं भागच होतं, कारण ऑफिसात माझी एक प्रतिष्ठा आहे. एका विमा कंपनीत मी प्रशासन विभागाचा प्रमुख आहे, आणि त्याच सुमारास मी पोशाखाविषयीचं परिपत्रक काढलं होतं. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं असावं. बाह्या कोपराच्या वर दुमडू नयेत. सभ्यतेची सुरुवात गळ्यापासून होते, असं एक वाक्यही मी त्यात घातलं होतं. त्या उन्हाळ्यात ऑफिसचा एसी बंद पडला होता, पण तत्त्व ते तत्त्व!

इकडे पुस्तक छापायला जायच्या आधी प्रकाशकाने ते दुकानदारांना दाखवलं. आणि त्याचा घाबराघुबरा फोन आला.

“मॅडम, धुक्याने भागत नाही. दुकानदार म्हणतात, धुक्यामुळे तर लोक जास्तच निरखून बघतील. बायकांना कपडे घाला. सगळ्या बायकांना!”

“आता?”

“आता!”

बायको आठवडाभर शिंप्यासारखी राबली. जलराणीला रेनकोट मिळाला. पंखवालीला ओव्हरकोट, पंखांना मागून भोकं पाडून. ज्वालामुखीत राहणाऱ्या चेटकिणीला सासूबाईंच्या सांगण्यावरून उंच गळ्याचा लोकरी स्वेटर! डोकी मात्र जशीच्या तशी उडत राहिली. त्यांच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

“आणि दलदलीचा राजा?” बायकोने फोनवर विचारलं. “त्यालाही घालू ना काहीतरी?”

मी जेवता जेवता थांबलो. बायको माझ्या अब्रूसाठी लढत होती.

“राजा?” प्रकाशक म्हणाला. “छे छे, राजाला राहू द्या. त्याच्यावर कुणाचा आक्षेप नाही. त्यात बघण्यासारखं काही नाही, असं सगळ्यांचंच मत पडलं.”

सासूबाईंनी माझ्या पानात न विचारता आणखी भात वाढला. सांत्वन म्हणून असावा.

पण गोष्ट इथे थांबली नाही! दोन दिवसांनी पुन्हा फोन. आता नवीनच पंचाईत उभी राहिली होती. मुखपृष्ठं छापून झाली होती, ‘फक्त प्रौढांसाठी’ हा शिक्का त्यावर लालभडक बसला होता, आणि आत सगळे गळाबंद! गिऱ्हाईक उद्या फसवणुकीची तक्रार करील, म्हणून प्रकाशकाची झोप उडाली होती.

“अख्ख्या पुस्तकात उघडा असा एकच उरलाय, मॅडम. राजा. सगळी भिस्त त्याच्यावर आहे. त्याचं धुकं काढा. पान दुमडून मोठं करू. आणि प्रत्येक पुस्तकाबरोबर त्याचं एक पोस्टर फुकट!”

“अरे, ऐकलंस का?” बायको माझ्याकडे वळून म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. बेडकाची पचनसंस्था काढणाऱ्या बाईचं पोस्टर निघणार होतं. मी नाही म्हणायचं कसं? सांगा ना!

पुस्तक घरी आलं तेव्हा मी घाईघाईने ते दुमडलेलं पान उघडलं. शिंगं, दाढी, गाजराचं नाक. भाल्याचं काम तर अप्रतिम. समोर गुडघाभर लव्हाळं होतं, आणि धुक्याने जे काही राखायचं ते लव्हाळ्याने राखलं होतं. जीव भांड्यात पडला. मग माझी नजर वर गेली.

मी रविवारी गच्चीत बनियनवर उभा राहून कुंड्यांना पाणी घालतो. वर्षानुवर्षं. त्यामुळे माझे खांदे, गळा, हात उन्हाने रापलेले आहेत आणि छातीपोटावर बनियनचा गोरापान नकाशा उमटलाय. तो नकाशा बायकोने तंतोतंत काढला होता. दलदलीच्या राजाने, ज्याने हजार वर्षांत अंगाला कापड लावलेलं नाही, त्या राजाने, बनियनचा ठसा मिरवला होता! डाव्या दंडावर लस टोचल्याचा व्रणसुद्धा होता.

“हे काय?” मी ओरडलो.

“काय? जसं दिसलं तसं काढलं. तू म्हणालास चेहरा बदल. चेहरा बदलला.”

“राक्षसाला लस कुणी टोचली?”

“आईनेसुद्धा काही म्हटलं नाही,” बायको म्हणाली.

“मी पाठ करून बसले होते ना,” सासूबाई म्हणाल्या.

मी स्वतःची समजूत घातली. आमच्या ऑफिसात कोण खेळतंय हे असले खेळ! आणि खेळलं तरी माझा बनियन कुणी पाहिलाय? माझं तर गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं असतं.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे आमचे शाखाप्रमुख. उंच, रुंद, गंभीर माणूस. फाईलवर सहीसुद्धा अशी करतात, जणू तहावर करतायत.

“बसा,” साहेब म्हणाले. “विषय जरा नाजूक आहे. कपड्यांचा.”

मी खुर्चीच्या कडेवर टेकलो.

“तुमच्याविषयी ऑफिसात कुजबुज चाललीय. बायकासुद्धा बोलायला लागल्यात. मला वाटलं होतं, तुम्ही मला आधी विचाराल.”

“सर, तो... तो घरचा मामला होता.”

“घरचा कसा? नाव तुमचं आहे त्याच्यावर!”

“नाव आहे?” मी उडालोच. “नाव नाहीये सर! फक्त दंडावरचा व्रण आहे! आणि चेहरा बदललाय! बायकोने शब्द दिला होता! बर्म्युडा मी शेवटपर्यंत सोडणार नव्हतो, पण मांडी तुटत होती!”

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. घातला.

“मी तुमच्या परिपत्रकाबद्दल बोलतोय,” ते म्हणाले. “गळ्याच्या बटणाच्या. लोक उकाड्याने हैराण झालेत. आज सगळे मिळून भेटायला येणार आहेत मला. तुम्ही कशाबद्दल बोलताय?”

आता काय सांगणार? तोंडातून गेलेलं परत घेता येत नव्हतं. मी खालमानेने सगळं सांगून टाकलं. खेळ, पुस्तक, धुकं, मॉप, दलदलीचा राजा. ‘दलदलीचा राजा’ म्हटल्याबरोबर साहेब उठले. केबिनचं दार लोटलं. खालचा खण उघडला आणि वार्षिक अहवालाच्या वेष्टनात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं.

“सर! तुम्ही?”

“शनिवारी खेळतो,” साहेब हळूच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते मला लाजताना दिसले. “पुस्तक घरी ठेवलं तर सौ. रागावते. शिक्का बघितला तिने. आत सगळ्या स्वेटर घालून बसल्यात, हे कोण सांगणार तिला?” त्यांनी पान उलगडलं. राजाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा राजाकडे. आणि मोठ्याने हसले.

“हा? तुम्ही? काहीतरीच काय!”

“खरंच सर.”

“अहो, हा राजा आहे! कसा उभाय बघा! आता त्याचं बळ अगदीच कमी दिलंय, ते सोडा. आमच्या ग्रुपने पहिल्याच फेरीत गाडला त्याला. चित्र बघून लेखकाने बळ कमी केलं म्हणतात. पण तरी! तुम्ही म्हणजे...” आणि त्यांनी हाताने हवेत माझा आकार काढला. तो आकार फारच लहान होता.

माणसाचं मन कसं असतं बघा. पाच मिनिटांपूर्वी मला कुणी ओळखू नये म्हणून मी नवस बोलायला तयार होतो. आता मला कुणी ओळखत नाही म्हणून माझं डोकं सणकलं!

“तो मीच आहे,” मी म्हणालो.

“शक्यच नाही.”

“बनियनचा ठसा बघा त्याचा!”

“तो चिलखताचा ठसा आहे. आमच्यात त्यावर दोन शनिवार वाद झालाय.”

“चिलखत?” मी ताडकन उठलो. गळ्याचं बटण काढलं. मग दुसरं. मग सगळी. शर्ट खुर्चीवर, बनियन शर्टावर. “हे बघा चिलखत! आणि हा व्रण! लावा पुस्तक शेजारी!”

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक माझ्या छातीला टेकवलं आणि नाक अगदी जवळ आणून ठसा जुळवू लागले. “कमाल आहे,” ते पुटपुटत होते. “हाच की हो! अगदी हाच! जरा वळा बघू. हनुवटी वर घ्या.”

मी हनुवटी वर घेतली, आणि तेवढ्यात दार उघडलं.

दारात आमच्या दावे विभागातल्या बाई, आणि त्यांच्यामागे अर्धं ऑफिस. परिपत्रकाची तक्रार घेऊन आलेलं! सगळ्यांची गळ्याची बटणं लावलेली. सगळे घामाने निथळत होते. आणि समोर परिपत्रक काढणारा प्रशासनप्रमुख उघडाबंब, हनुवटी वर, आणि साहेब त्याच्या छातीशी एका नागड्या राक्षसाचं चित्र धरून उभे!

  दावे विभागातल्या बाईंनी आधी मला, मग साहेबांना नीट पाहून घेतलं.

“म्हणजे नियम शिथिल झालाय म्हणायचं,” त्या म्हणाल्या, आणि शांतपणे गळ्याचं बटण काढलं. मागे एकामागून एक बटणं निघाल्याचा आवाज मी उघड्या कानांनी ऐकला.

परिपत्रक त्याच दुपारी मागे घेतलं गेलं. माझी नोकरी शाबूत राहिली, कारण माझ्याबद्दल काही लिहायचं तर साहेबांना स्वतःबद्दलही लिहावं लागलं असतं. ऑफिसात आता मला कुणी नावाने हाक मारत नाही. ‘राजे’ म्हणतात. दावे विभागातल्या बाई तर दार ठोठावूनसुद्धा बाहेरूनच विचारतात, “राजे, येऊ का? की थांबू?”

पुस्तक मात्र तुफान चाललं. गंमत म्हणजे लोकांना आवडला तो स्वेटर! प्रकाशकाने लगेच दुसरं पुस्तक दिलं, आणि या वेळी राजापेक्षा मोठा, खरोखरच बलाढ्य असा डोंगराचा सम्राट मागितला. मी दुसऱ्या दिवशीपासून सकाळी दंड-बैठका सुरू केल्या.

त्या रविवारी साहेब आमच्याकडे आले. पुस्तकावर बायकोची सही हवी होती त्यांना. चहा घेऊन ते खिडकीशी गेले, बाहेर बघत उभे राहिले. सासूबाई आत निघाल्या होत्या, त्या ट्रे घेऊन जागच्या जागी थांबल्या.

“खांदे काय आहेत गं यांचे!” त्या लेकीच्या कानात म्हणाल्या. आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

बायकोचे डोळे बारीक झाले. मला ते डोळे माहीत आहेत.

“सर,” ती म्हणाली, “जरा तसेच उभे राहता का?”

“असा?” साहेब म्हणाले. “कोट काढू का?”

आता दर रविवारी साहेब आमच्या स्टुलावर असतात. अंगावर काय असतं ते विचारू नका, मलाही बघवत नाही. सासूबाई पाठ करून बसतात, पण हल्ली त्यांच्या समोर त्यांनी एक आरसा ठेवलाय, केस विंचरायला म्हणून. आणि मी? मी बाजूला उभा राहून टेबललॅम्प धरतो. सम्राटाच्या खांद्यावर उजेड डावीकडून पडायला हवा असतो.

“हात खाली येतोय तुमचा,” परवा साहेब वरून म्हणाले. “नीट धरा.”

“हो सर,” मी म्हणालो. स्वतःच्या घरात, रविवारी, सुट्टीच्या दिवशी!